इर्जिक

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकण लागते. आज तेथे मोटारींचे कारखाने दिसतात. पूर्वी याच भागात ज्वारी, बाजरी आणि कांदा यांची शेते होती, आणि ती कसण्याच्या काही जुन्या रीती होत्या.

लाकडी नांगर फार जड असे. उन्हाने टणक झालेल्या काळ्या रानात तो ओढावयास सहा-सहा, आठ-आठ बैल लागत. सामान्य कुणब्याच्या दावणीला बैलांची एकच जोडी! मग तिघे-चौघे आपापल्या जोड्या एकत्र करीत आणि पाळीपाळीने प्रत्येकाचे रान नांगरीत. यास वारंगुळा म्हणत. माणसांनी कामाची फेड कामाने केली, तर ती सावड. दोहोंत हिशेब असे. तो वहीत नसे, पण चोख असे.

इर्जिकीची गोष्ट निराळी. मोठे काम निघाले म्हणजे कोणीही इर्जिक घाली. पण तिचे खरे मोल अडचणीत कळे. घरधनी अंथरुणाला खिळला, तरी वाफसा त्याच्यासाठी थांबत नाही. पेरणीचे चार दिवस हुकले की वर्ष हुकले. अशा वेळी गावातील औते एका सकाळी त्याच्या शेतात उतरत आणि सूर्य मावळण्यापूर्वी काम उरकत. मजुरी कोणी घेत नसे. शेतधन्याने सर्वांना पोटभर जेवू घालायचे, एवढेच. कापणीची इर्जिक असली म्हणजे एकजण भलरी सुरू करी, बाकीचे पालुपद उचलीत. त्या ठेक्यावर विळे चालत, आणि मागे पडलेल्याचा हातही भराभर उचलला जाई.

दूर आयर्लंडातही शेजाऱ्यांची अशीच टोळी एकमेकांच्या कापणीस जाई. तिला तिकडे ‘मेहल’ म्हणतात. १९३७ ते १९३९ या काळात तेथील पन्नास हजारांहून अधिक शाळकरी मुलांनी वडीलधाऱ्यांकडून जुन्या कथा व चालीरीती ऐकून वह्यांत उतरविल्या. त्या वह्या डब्लिन येथे जतन केलेल्या आहेत.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखाने चिंचवड, भोसरी असे करीत चाकणपर्यंत पोहोचले. उरलेल्या शेतांत ट्रॅक्टर आला, जड नांगर गेला आणि वारंगुळ्याचे कारणही गेले. आठ बैलांमागे उन्हात चालणाऱ्याला त्याचे दुःख झाले नसेल! भलरी मात्र तोंडोतोंडी चालत आलेली. गाणारे थांबले, तेथे तीही थांबली.

शेजारच्या मावळात भाताचे रोप वेळेत लावावे लागते, आणि चिखलात वाकणारे हात पुष्कळ लागतात. म्हणून आषाढात तेथील काही गावांतून आजही सावड निघते.