धार बारीक ठेव

हे बघ, ड्रिपर कुठला घ्यायचा यावर डोकं शिणवू नकोस. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला आणि गाळ नसलेली कॉफी काढली. आजचे महागडे ड्रिपर करतात तेही एवढंच. पैसे घालायचेच तर दळण्यात घाल. मिक्सरमध्ये दाणे फिरवलेस की निम्म्याचं पीठ होतं, निम्मे जाडेभरडे राहतात. मग एकाच कपात कडूही लागतं आणि आंबटही. हाताने फिरवायचं, दात्यांचं ग्राइंडर घे. पूड बारीक रव्याइतकी हवी.

दाणे घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख बघ. नसेल तर पाकीट परत ठेव. चिकमगळूर-कूर्गचे मध्यम भाजलेले अरेबिका दाणे आता घरपोच येतात. चिकोरी घातलेली पूड या कामाची नाही. दाणे आले की घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी तर मुळीच नको. पावसाळ्यात थोडे थोडेच मागव.

१५ ग्रॅम पुडीला २४० मिली पाणी. चमच्याने अंदाज नको, वजनकाट्यावर मोज. बोअरचं जड पाणी टाळ, त्याने चव मंदावते. उकळी फुटली की गॅस बंद करून अर्धं मिनिट थांब. (महाबळेश्वरला तेवढंही थांबायला नको, तिथे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतं.)

कागद आधी गरम पाण्याने भिजवून घे आणि ते पाणी ओतून टाक. कागदाचा वास जातो, ड्रिपरही तापतो. आता पूड घालून हलकेच थापटून सपाट कर. पहिलं पाणी जेमतेम ३०-४० मिली, सगळी पूड भिजेल इतकंच. मग किटली खाली ठेव. खरी गंमत इथे आहे. दाणे ताजे असतील तर पूड फुगून वर येते, बुडबुडे धरते, मधेच एखादा फुटतो; भाजताना आत कोंडलेला वायू बाहेर पडत असतो. शिळी पूड नुसती ओली होऊन बसते. दुकानदार काय वाट्टेल ते सांगो, खरं-खोटं या अर्ध्या-पाऊण मिनिटात कळतं.

मग बारीक धार मधोमधून गोल गोल बाहेर ने, परत आत आण. कडेच्या कागदावर ओतू नकोस, ते पाणी पुडीला न शिवताच खाली पळतं. एकदम ओतून मोकळी होऊ नकोस. दोन-तीन हप्त्यांत ओत. तीनेक मिनिटांत सगळं उतरलं पाहिजे.

आंबट आणि पाणचट लागली तर पुढच्या वेळी बारीक दळ. कडू लागून जीभ कोरडी पडली तर जाडसर. एका वेळी एकच गोष्ट बदल. पाणी, पूड, दळण सगळंच हलवलंस तर कशाने सुधारली ते कळायचं नाही.

आणि तुझ्या बाबांना हिच्यात दूध घालून देऊ नकोस, धड कॉफी नाही नि धड दूध नाही असं होतं. त्यांच्यासाठी मद्रासी स्टीलचा फिल्टर वेगळा ठेव, चिकोरीची पूड आणि सायीचं दूध. कुरकुर न करता पितील.