अडचणीतला शब्द

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्याजवळच्या सूसमधल्या बांधकामांवरची कामं रातोरात थांबली. भाड्याच्या खोल्यांत राहणारे गवंडी, बिगारी, सुतार, सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका, सगळ्यांची मिळकत बंद झाली. चूल पेटत राहिली ती किराणा दुकानांच्या उधारीवर. ओळखीच्या एका दुकानदाराच्या लाल वहीत रोज नवं पान लागत होतं. तांदूळ, तेल, साखर, अधूनमधून मोबाइलचं रिचार्जसुद्धा. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच: "काम सुरू झालं की आधी तुमचे पैसे, काका."

शब्द खोटा नव्हता. पण कामं सुरू झाली तेव्हा थकलेलं घरभाडं उभं राहिलं, गावी पैसे पाठवायचे होते, पोरांच्या फिया होत्या. मग काही जण दुकान टाळून पलीकडच्या गल्लीने जाऊ लागले. दुकानदाराला बुडालेल्या पैशांपेक्षा हे तोंड चुकवणं जास्त लागलं. "या महिन्यात पाचशेच जमतील," असं येऊन सांगणाऱ्यांची खाती त्याने कधीच बंद केली नाहीत.

अडचणीत माणूस कबूल करतो ते "सगळं" आणि "लवकरच". इथेच सावध राहायला हवं. झेपेल तेवढी रक्कम, ठरलेली तारीख आणि दोघांच्या सह्यांचा एक कागद, एवढं त्याच दिवशी करावं. हातउसन्या पैशांच्या वसुलीसाठी कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत आहे. ती संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी कबुली देऊन सही केली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

कागदाची प्रत दोघांकडे हवी, हा धडा पुणे जिल्ह्याने फार महागात शिकला आहे. 12 मे 1875 रोजी सुपे इथे शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख होता कर्जखतांवर. ती हिसकावून जाळली गेली. नडलेल्या वेळी, न वाचता, अंगठा उठवलेले ते कागद होते, आणि कुळाच्या हाती त्यांची नक्कलही नसे. पुढे 1879 च्या दख्खन कृषक कायद्याने फेडीची पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्क कुळाला दिला. आज कुणा नातेवाइकाकडे असा कागद मागितला तर अपमान वाटतो. तो वाटू नये. कागदाने घेणाऱ्याचंही रक्षण होतं.

दुसऱ्याच्या संकटात आपण देतो त्या शब्दाचं काय? आंबेगाव तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराखाली गाडलं गेलं. गाव जागेवर नाही, ही खबर बाहेर पोचली ती तिथे आलेल्या एसटीच्या चालकामुळे. दीडशेहून अधिक माणसं गेली. पुनर्वसनाचा शब्द लगेच मिळाला, पण सुरक्षित जागा शोधून आमडे इथे घरं उभी राहून ताब्यात मिळायला एप्रिल 2017 उजाडला. त्यानंतरच्या पहिल्याच पावसात नव्या वसाहतीत रस्ते खचले, भिंतींना तडे गेले. किल्ल्या सुपूर्द केल्या म्हणजे वचन पुरं झालं, असं मानणाऱ्यांनी तो पावसाळा विसरू नये. घर देणाऱ्याने निदान दोन पावसाळे तरी तिथे फिरकलं पाहिजे.

हे फक्त सरकारला लागू नाही. एखाद्या घरातला कर्ता गेला की दहाव्याला जमलेल्यांपैकी कुणीतरी भरल्या डोळ्यांनी म्हणतंच, "पोरांच्या शिक्षणाचं मी बघतो." त्या घडीला हे शंभर टक्के खरं असतं. वर्षभराने फोन कमी होतात आणि मुलांच्या आईला आठवण करून द्यायला जड जातं. तिला मागायची वेळच येऊ देऊ नये. बँकेत दरमहा आपोआप रक्कम वळती होईल अशी सोय त्याच आठवड्यात करावी, भले ती हजाराचीच असो. आणि परिस्थिती पालटून पुढच्या वर्षी जमणार नसेल, तर ते एप्रिलमध्येच सांगावं. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तिला शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येईल, वसतिगृहाची चौकशी करता येईल किंवा दुसऱ्या कुणाकडे शब्द टाकता येईल.