एक्झिक्युटिव्ह कोच : ऐकण्याचा व्यवसाय आणि त्याचे ग्राहक

हंगेरी देशात ‘कोच’ नावाचे एक लहानसे गाव आहे. पंधराव्या शतकात तेथे घोड्यांच्या आरामशीर गाड्या तयार होत. गावाच्या नावावरून गाडीला ‘कोच’ म्हणू लागले. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेच्या पैलतीरी सुखरूप नेऊन पोहोचविणाऱ्या खाजगी शिक्षकालाही गमतीने तेच नाव दिले. आपल्याकडे हा शब्द क्रिकेटच्या मैदानावर, दहावी-बारावीच्या क्लासच्या पाटीवर आणि रेल्वेच्या डब्यावर भेटतो. परंतु गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या कंपन्यांमधून ‘एक्झिक्युटिव्ह कोच’ नावाचा एक वेगळाच व्यावसायिक वावरू लागला आहे. तो शिकवीत नाही, हुकूम सोडत नाही, बहुधा सल्लाही देत नाही. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसाशी तो ठरलेल्या दिवशी तासभर बोलतो, आणि त्यातही जास्त ऐकतो. ह्या कामाचे कौशल्य कसे मिळते आणि त्याला ग्राहक कसे मिळतात, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम एक स्वाभाविक शंका. जो माणूस आधीच वरच्या पदावर पोहोचला, त्याला कोच कशाला हवा? ह्याचे उत्तर बोस्टनचे प्रसिद्ध शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांनी २०११ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातील लेखात दिले आहे. त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, म्हणून हे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. आठ वर्षे शस्त्रक्रिया केल्यानंतर डॉक्टरांच्या ध्यानात आले की आपले कसब आता वाढत नाही, ते एका पातळीवर थांबले आहे. त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त सर्जन डॉ. रॉबर्ट ऑस्टीन यांना शस्त्रक्रियागृहात नुसते उभे राहून बघण्याची विनंती केली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तरी ऑस्टीन यांच्या वहीत बारीक अक्षरांत बरेच टिपण होते. उजवे कोपर मधूनमधून खांद्याच्या उंचीपर्यंत वर जाते. दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता आणि सुमारे अर्धा तास काम केवळ परावर्तित उजेडात चालले होते. डॉक्टरांना स्वतःला ह्यातले काहीच जाणवले नव्हते! आपलेच कोपर आपल्याला दिसत नाही. शाखाधिकाऱ्याचेही तेच, कारखान्याच्या व्यवस्थापकाचेही तेच. फरक एवढाच की पद जितके मोठे, तितके ‘साहेब, तुमचे कोपर वर जाते’ असे सांगणारे कमी.

ह्या विद्येचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत टिमोथी गॅल्वे हे टेनिस शिकवीत. खेळाडूला सारख्या सूचना देण्यापेक्षा त्याचे लक्ष चेंडूकडे वळविले तर तो स्वतःच सुधारतो, हा त्यांचा अनुभव १९७४ साली पुस्तकरूपाने आला. मोटारशर्यतीतले माजी चालक जॉन व्हिटमोर यांनी हा विचार इंग्लंडात कार्यालयांपर्यंत नेला आणि १९९२ च्या आपल्या पुस्तकातून ‘ग्रो’ ही चार पायऱ्यांची पद्धत लोकांना माहीत करून दिली: ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय, निर्धार. १९९५ साली थॉमस लेनर्ड यांच्या पुढाकाराने ह्या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तीच आजची इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, अर्थात आयसीएफ. कोच होण्यास कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. उद्या सकाळी कोणीही पाटी लावू शकतो, आणि म्हणूनच ह्या संस्थेच्या प्रमाणपत्राला किंमत आली आहे.

मी स्वतः कोच नाही. बँकेच्या सेवानियमांनुसार परवानगीवाचून मला दुसरा धंदा करताही येत नाही. माझा संबंध आला तो एका स्नेह्यांमुळे. ते शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि साठाव्या वर्षी ह्या वाटेला लागले. त्यांच्या संमतीने पुढील हकिकत लिहीत आहे.

आरंभीच त्यांची एक चूक झाली. ‘प्रमाणपत्रासोबत ग्राहक मिळवून देऊ’ अशी जाहिरात पाहून त्यांनी एका शिक्षणसंस्थेत मुदतठेव मोडून दीड लाख रुपये भरले. ती ठेव मोडण्याची स्लिप माझ्याच खिडकीवर आली होती आणि मी मुकाट्याने शिक्का मारला. प्रमाणपत्र चौदा दिवसांत आले. ग्राहक एकही आला नाही. पुढे चौकशीअंती कळले की त्या प्रमाणपत्राला आयसीएफची मान्यताच नव्हती. विद्यार्थी मित्रांनो, पैसे भरण्यापूर्वी आयसीएफच्या यादीत अभ्यासक्रमाचे नाव आहे काय, एवढे तरी पाहावे.

दुसऱ्या वेळी त्यांनी नीट वाट धरली. आयसीएफची पहिली पायरी ‘एसीसी’. तिला किमान ६० तासांचे प्रशिक्षण लागते, अनुभवी कोचच्या देखरेखीखाली १० तास लागतात, ते तीन महिन्यांहून कमी काळात उरकता येत नाहीत, आणि प्रत्यक्ष कामाचे १०० तास, किमान ८ ग्राहकांसह. त्यांपैकी ७५ तास मोबदला घेऊन केलेले हवेत, मोबदला कितीही लहान चालतो. नंतर लेखी परीक्षा. दुसरी पायरी ‘पीसीसी’ची, तिला ५०० तास. तिसरी ‘एमसीसी’, तिला २५००. अंक मुद्दाम दिले आहेत, कारण ही विद्या पुस्तकाने येत नाही, तासांनी येते.

ह्या शंभर तासांतले सहा तास माझे आहेत. साहेबांना सरावासाठी माणसे हवी होती. त्यांनी माझ्याकडून दर बैठकीला शंभर रुपये घेतले व रीतसर पावती दिली. माझा प्रश्न साधा होता. अधिकारीपदाची बढती मी दोनदा नाकारली आहे, आता तिसरी संधी आली आहे, काय करावे?

पहिल्या बैठकीत पन्नास मिनिटांपैकी चाळीस मिनिटे तेच बोलले. तीस वर्षे शाखा चालविलेला माणूस, दुसरे काय करणार? बैठक माझ्या परवानगीने ध्वनिमुद्रित झाली होती. त्यांच्या मार्गदर्शक बाईंनी ती ऐकून सांगितले की तुम्ही अकरा प्रश्न विचारले, पैकी नऊ प्रश्नांच्या पोटात तुमचेच उत्तर होते. ‘तुम्हाला असे वाटत नाही का, की तेव्हा बढती घ्यायला हवी होती?’ हा प्रश्न नव्हे, प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे. ‘का’ने सुरू होणाऱ्या प्रश्नांविषयीही त्यांनी सावध केले. ‘का नाकारली?’ म्हटले की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून सफाई देऊ लागतो. ‘काय झाले’, ‘कसे झाले’, ‘शेवटचे केव्हा झाले’ असे विचारावे.

साहेबांनी ते मनावर घेतले. तिसऱ्या बैठकीतला संवाद मला जसाच्या तसा आठवतो.

‘दोन्ही वेळा नकार दिलात. घरी प्रथम कोणाला सांगितलेत?’

‘कोणालाच नाही, साहेब.’

ह्यानंतर ते काही बोलले नाहीत. एरवी अशा वेळी ते धीराचे चार शब्द बोलले असते. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. शेवटी मीच म्हणालो, ‘आईच्या आजारपणामुळे बदली नको, असे मी सांगत आलो. पण दुसऱ्या वेळी आई हयात नव्हती.’

‘मग त्या वेळी काय होते?’

‘कर्जाच्या कागदावर शेवटची सही माझी असेल, ह्याची भीती. मी बी.ए. मराठीचा माणूस. ताळेबंद मला नीट वाचता येत नाही.’

चौदा वर्षे मनात दडलेली गोष्ट एका न दिलेल्या सल्ल्याने बाहेर आली. ‘बढती घ्या’ असे साहेब मला एकदाही म्हणाले नाहीत. पुढच्या तीन बैठका ताळेबंद शिकण्याचे वेळापत्रक ठरविण्यात गेल्या. शांत बसणे हे कौशल्य आहे, असे मला पूर्वी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. मात्र एक मर्यादा येथे नमूद करणे आवश्यक आहे. समोरच्याची झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते कोचचे काम नव्हे. त्याला तत्काळ मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविणे हाच कोचचा धर्म.

आता ग्राहकांविषयी. पहिल्या वर्षी साहेबांनी कार्डे छापली, दोनशे जणांना मोबाईलवर संदेश धाडले. अभिनंदनाचे निरोप पुष्कळ आले, काम आले नाही. ‘सर्व क्षेत्रांतील अधिकाऱ्यांसाठी’ असे कार्डावर छापले होते. सर्वांसाठी असलेली वस्तू कोणाचीच नसते, हे त्यांना उशिरा उमगले. मग त्यांनी एकच क्षेत्र धरले: सहकारी बँका व पतसंस्थांमध्ये नव्याने शाखाप्रमुख झालेली माणसे. काउंटरवरचा माणूस केबिनमध्ये जातो तेव्हा कालचे मित्र आज हाताखालचे होतात. त्या पहिल्या काही महिन्यांतली तारांबळ साहेबांनी स्वतः भोगली होती. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण असाच नवा प्रमुख झाला होता, तो पहिला ग्राहक. सहा महिन्यांत आठ बैठका झाल्या. त्याच्या वरिष्ठांनी फरक पाहिला आणि आपण होऊन फोन केला. दुसरा ग्राहक असा आला, तिसराही. पुण्यातल्या एका कोचिंग कंपनीने त्यांना आपल्या यादीत घेतले. ती कंपनी काम आणते व फीतला वाटा ठेवते. वाटा मोठा आहे, पण नवख्याने तो द्यावा असे माझे मत आहे, कारण तास भरतात. आज दोन वर्षांनी त्यांचे अकरा ग्राहक झाले आहेत. त्यांतला एकही संदेश पाठवून आलेला नाही.

अमेरिकेतील नामांकित कोच मार्शल गोल्डस्मिथ ह्यांची तऱ्हा न्यारी. ग्राहकाच्या वागण्यात फरक पडला असे त्याच्या सोबत काम करणाऱ्यांनी सांगितले, तरच ते फी घेत. नवख्याला हे परवडणार नाही. परंतु फरक पडला की नाही हे सोबत्यांनाच विचारावे, ही त्यातली गोष्ट फुकट घेण्यासारखी आहे.

ह्या व्यवसायातली खरी अडचण त्रिकोणाची आहे. फी देते संस्था आणि मन मोकळे करतो अधिकारी. मग कोच कोणाचा? एका पतसंस्थेत हा प्रसंग आलाच. चार बैठका झाल्यावर पदाधिकाऱ्यांनी साहेबांना चहाला बोलावून सहज विचारले, ‘माणूस ठेवण्यासारखा आहे का?’ साहेब म्हणाले, ‘बैठकांना तो वेळेवर येतो, एवढे मी सांगू शकतो.’ त्या संस्थेतले पुढचे तीन जणांचे काम गेले. ते आजवर परत आलेले नाही. मला हे योग्यच वाटले. खातेदाराची शिल्लक आम्ही त्याच्या सख्ख्या भावालाही सांगत नाही. पण चूक आधी झाली होती, कागद केलेला नव्हता. आता पहिल्या बैठकीपूर्वी तिघे एकत्र बसतात आणि लेखी करार होतो. त्यात उद्दिष्टे, बैठकांची संख्या, फी, रद्द झालेल्या बैठकीचे काय, आणि संस्थेला केवळ हजेरी व उद्दिष्टांची प्रगती कळेल, तीही अधिकाऱ्यासमक्ष, बाकी काही नाही, हे सर्व असते. जमाखर्चासाठी निराळे बँक खाते ठेवावे. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटीची नोंदणी लागते. तो दिवस साहेबांना अजून दूर आहे.

बाविसाव्या वर्षी एक्झिक्युटिव्ह कोच होता येईल काय, असे आपले विद्यार्थी विचारतील. माझ्या मते नाही. जबाबदारीचे ओझे स्वतः वाहिलेले नसेल तर समोरचा दार उघडत नाही. मात्र आपल्यातील पुष्कळ मुलेमुली घराण्यातली पहिली अधिकारी होत आहेत. साहेबाशी कसे बोलावे, बैठकीत नाही कसे म्हणावे, हे विचारायला त्यांच्या घरात कोणी नसते. माझ्या घरातही नव्हते. अशा मुलांना कंपनीने कोच देऊ केला तर ‘माझे काही चुकले काय?’ म्हणून घाबरू नये. ती शिक्षा नव्हे. फक्त पहिल्याच भेटीत विचारावे, ‘मी येथे बोललेले कोणाकोणाला कळणार आहे?’ आणि उत्तर लेखी घ्यावे.

माझ्यापुरते सांगायचे तर बढतीचा अर्ज मी मार्चमध्ये भरला. जेएआयआयबीचा हिशेबाचा पेपर पहिल्या खेपेस राहिला, दुसऱ्यांदा बसलो आहे. निकाल अजून लागावयाचा आहे.