घाटावरचें पाणी आणि घरांतला दिवा

अक्षय्य ऊर्जा हा विषय आतां शाळेच्या पाठ्यपुस्तकांत येऊन बसला आहे. परंतु तो शिकवितांना बहुधा असें होतें कीं, सूर्य, वारा, पाणी, शेण अशी यादी फळ्यावर लिहिली जाते, मुलें ती वहींत उतरून घेतात, आणि परीक्षेनंतर ती वहीबरोबरच रद्दींत जाते. आमच्या मतें एकच उदाहरण घ्यावें, पण तें मुळापासून शेंड्यापर्यंत न्यावें. असें एक उदाहरण बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोली येथें आहे. लोणावळ्यास सहलीला गेलेल्या मुलांनीं तेथील तलाव पाहिलेले असतात. त्यांचा दिव्याशीं कांहीं संबंध आहे हें मात्र त्यांच्या ध्यानीं नसतें.

प्रथम वर्गास विचारावें कीं, घाटावर हें पाणी चढविलें कोणीं? पावसानें, असें उत्तर येईल. मग पाऊस कोणीं वर नेला? येथें मुलें क्षणभर थांबतात, आणि तेंच आपणांस पाहिजे असतें. समुद्राच्या पाण्याची वाफ करून ती आकाशांत नेणारा हमाल म्हणजे सूर्य. नैर्ऋत्येचे वारे ती वाफ सह्याद्रीवर आणून आदळतात, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत घाटमाथा न्हाऊन निघतो. या हमालास मजुरी द्यावी लागत नाहीं, आणि पुढच्या वर्षीं तो न बोलावतां पुन्हा हजर होतो. 'अक्षय्य' या शब्दाचा अर्थ एवढाच. कोळसाही मूळचा सूर्याचाच. कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या अरण्यांनीं सांठवून ठेवलेलें तें ऊन आहे. पण तो ठेवा एकदां जाळला म्हणजे पुन्हा भरावयास तितकाच काळ लागावयाचा.

मुंबईच्या कापडगिरण्या पूर्वीं कोळशाच्या वाफेवर चालत, व त्यांच्या धुराड्यांचा धूर साऱ्या शहरावर पसरे. घाटावरचें पावसाचें पाणी अडवून त्याची वीज करावी, ही योजना जमशेटजी टाटा यांनीं मनावर घेतली. १९०४ सालीं त्यांचें निधन झालें. तेव्हां त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनीं तें काम तडीस नेलें, आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईस पोंचली. लोणावळा, वळवण आणि शिरोटा या तलावांचें पाणी जाड पोलादी नळांतून सुमारें ५०० मीटर खालीं येतें, चक्रावर आदळतें, आणि त्या चक्राबरोबर जनित्र फिरतें. सायकलच्या चाकाला लागून फिरणारा जुन्या पद्धतीचा डायनॅमो मिळाल्यास तो मुलांच्या हातीं द्यावा; जनित्र म्हणजे काय, यावर मग व्याख्यान देण्याची गरज पडत नाहीं.

आतां थोडें गणित करूं या, कारण गणितावांचून हा पाठ म्हणजे नुसती गोष्ट होय. एक लिटर पाण्याचें वस्तुमान एक किलो. तें एक मीटर खालीं आलें कीं सुमारें ९.८ ज्यूल ऊर्जा देतें. ५०० मीटर खालीं आलें तर ४,९०० ज्यूल. घर्षणांत व यंत्रांत दहावा हिस्सा गेला असें धरलें, तरी सुमारें ४,४०० ज्यूल हातीं राहतात. दहा वॅटचा एलईडी दिवा दर सेकंदास १० ज्यूल खातो. तेव्हां तांब्याभर पाण्यावर तो सात मिनिटांहून थोडा अधिक वेळ जळेल! विजेच्या देयकांत ज्यास आपण एक युनिट म्हणतों, तें ३६ लक्ष ज्यूलांचें. त्यासाठीं खोपोलीस सुमारें ८२० लिटर पाणी उतरावें लागतें. तेवढ्याच विजेस कोळशाच्या केंद्रांत पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो.

यानंतर मुलांस अंगमेहनतीचा प्रयोग करावयास लावावा. दहा लिटरची भरलेली बादली तळमजल्यावरून दहा मीटर उंच गच्चीवर न्यावी. धापा टाकीत वर पोंचलेल्या मुलास सांगावें कीं, बाळ, तूं पाण्यास दिलेल्या ऊर्जेवर हाच दिवा दीड मिनिटाहून थोडा अधिक जळेल. पाण्याइतकीच उंचीही महत्त्वाची कां, हें मग कोणासही विचारावें लागत नाहीं.

चलाख विद्यार्थी येथें एक शंका काढतो: उन्हाची वीज दुपारीं, पण दिवे तर रात्रीं, मधल्या वेळीं ती ठेवावयाची कोठें? याचेंही उत्तर सह्याद्रींतच आहे. मुळशीच्या पाण्यावर चालणाऱ्या भिरा येथें, मागणी कमी असते त्या वेळच्या विजेनें खालचें पाणी पुन्हा वरच्या तलावांत चढविण्याची सोय केलेली आहे. मागणी वाढली कीं तेंच पाणी पुन्हा खालीं सोडतात. अशा व्यवहारांत चार युनिटें घातलीं तर तीनच्या आसपास परत येतात. तोटा खरा, पण गैरवेळीं वाया जाणारी वीज त्यामुळें वेळेवर उपयोगीं पडते.

एवढ्यावर पाठ संपविणारे शिक्षक पुष्कळ आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. सूर्य मजुरी मागत नाहीं हें खरें, परंतु पाणी अडवावयास जमीन लागते, आणि ती कोणाची तरी असते. मुळशीच्या धरणाखालीं मावळांतील शेतकऱ्यांचीं भातखाचरें व घरें जावयाचीं होतीं. त्याविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांस लोक 'सेनापति' म्हणूं लागले ते याच लढ्यामुळें. लढा हरला, धरण झालें, आणि १९२७ सालीं भिऱ्याची वीज निघाली. दुसरी गोष्ट भूगोलाची. लोणावळ्याचें पाणी स्वभावतः इंद्रायणीनें पूर्वेकडे जावयाचें, भीमेस मिळून सोलापुराकडील कोरड्या मुलखांतून पुढें कृष्णेंत. विजेसाठीं तें पश्चिमेस वळविलें म्हणून पाताळगंगेस उन्हाळ्यांतही पाणी असतें व तिच्या कांठचे लोक त्यावर जगतात. पुढें कोयनेवरही हेंच झालें. तेथील १,९६० मेगावॅटच्या केंद्रांपैकीं बहुतेकांचें पाणी चिपळुणाकडे वाशिष्ठींत उतरतें.

नकाशावर हे दोन्ही उतार मुलांकडून रंगवून घ्यावे. मग वर्गाचे दोन पक्ष करावे. एकानें भीमेकांठच्या शेतकऱ्याची बाजू मांडावी, दुसऱ्यानें मुंबईच्या गिरणींतील कामगाराची व पाताळगंगेकांठच्या गांवकऱ्याची. आंकडे दोघांजवळही असावेत. आठवीच्या वर्गांत हा वाद एका तासांत मिटत नाहीं, आणि शिक्षकानें आपलें मत घंटा होईपर्यंत राखून ठेवावें.