श्रद्धा, आरोग्यदान आणि सामाजिक भेद : सुरफिनिकी स्त्रीचा संवाद

उद्दिष्ट
या पाठाच्या अभ्यासानंतर सामाजिक भेद ओलांडण्यात शब्दयोजनेचा वाटा कसा असतो, हे आपल्याला उदाहरणासह सांगता येईल.

विषयविवेचन
विद्यार्थी मित्रहो, शुभवर्तमानांतील आरोग्यदानाच्या कथांत सामान्यतः पीडित याचना करतो आणि येशू त्याला बरे करतो. मार्ककृत शुभवर्तमानातील (७ : २४-३०) कथेत मात्र याचनेला प्रथम नकार मिळतो. सोर, म्हणजे आजच्या लेबनॉनमधील टायर, या नगराच्या परिसरात एक स्त्री भूतबाधा झालेल्या लेकीसाठी येशूच्या पाया पडते. ती यहुदी नाही. मुलांना आधी जेवू द्यावे, त्यांची भाकर कुत्र्यांपुढे टाकू नये, अशा आशयाचे उत्तर तिला मिळते.

'मुले' म्हणजे यहुदी आणि 'कुत्री' म्हणजे इतर, हा अर्थ उघड आहे. मूळ ग्रीक शब्द लघुत्वदर्शक असल्याने काही भाष्यकार तो सौम्य मानतात. परंतु पिल्लू म्हटले, तरी पंक्तीत पान मिळत नाही.

स्त्री हे रूपक नाकारत नाही. मेजाखालची कुत्रीही मुलांच्या हातून सांडलेला चुरा खातात, असे ती म्हणते. येशूच्या उत्तरातील 'आधी' या शब्दात क्रम आहे. तिच्या उत्तरात तो क्रम उरत नाही, कारण मुले जेवत असतानाच चुरा खाली पडतो. एकाच घरात, एकाच वेळी दोघांचेही पोट भरते.

लेक बरी होते. मार्क त्याचे कारण तिचे 'बोलणे' असे देतो. मत्तय (१५ : २१-२८) तिच्या 'श्रद्धे'ची थोरवी सांगतो. मत्तय तिला 'कनानी' म्हणतो आणि या प्राचीन नावाने जुन्या वैराची आठवण जागी करतो. दोन्ही पाठ एकत्र वाचल्यास असे दिसते की, येथील श्रद्धा म्हणजे निमूट शरणागती नव्हे; नकारानंतरही संवाद न सोडण्याचे ते धैर्य आहे.

समारोप
आरोग्यदानाने भेदाची सीमा ओलांडली. मात्र अपमानाचे रूपक कथेत तसेच राहिले. चुरा मिळाला म्हणजे पंक्तिभेद संपला का, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारायचा आहे.

स्वाध्याय
१. मत्तयाच्या पाठात 'आधी' हा शब्द नाही. त्यामुळे नकाराच्या अर्थात कोणता फरक पडतो?
२. अनुवादक म्हणून आपण 'कुत्री' आणि 'पिल्ले' यांपैकी कोणता शब्द निवडाल? सकारण लिहा.