जुनेर

आपले वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. पाऊस पडला की आपण सरकी टोबतो. बोंडे फुटली की शेतात सीतादही होते आणि वेचणी लागते. कापूस अकोल्याच्या, अमरावतीच्या बाजारात जातो. तिथून जिनात जातो, गिरणीत जातो आणि कापड होऊन परत आपल्याच अंगावर येतो. एका लुगड्यामागे किती हात राबलेले असतात! म्हणून लुगडे फाटले तरी फेकायला मन होत नाही. मग आपण काय करतो? गाठोडे बांधतो आणि कोपऱ्यात सारतो. त्या गाठोड्यात उंदीर घर करतात. कापड कुणाच्याच कामी येत नाही.

"माय, हे लुगडं फाटलं. फेकून देऊ काय?" सून विचारते.

"कायले फेकतं व? आता तर कुठं ते मऊ झालं!" सासू म्हणते.

सासूचे म्हणणे खरे आहे. नव्या सुती कापडाला खळ असते. ते कडक असते. धुऊन धुऊन खळ निघून जाते. सुताला बारीक लव सुटते. कापड मऊ होते आणि पाणी चांगले शोषते. अशा मऊ झालेल्या जुन्या कपड्याला आपण जुनेर म्हणतो. काही कामांना नव्या कापडापेक्षा जुनेरच चांगले.

पण घाई करू नका. लुगडे सगळीकडून सारखे झिजत नाही. आपण जिथे बसतो तिथे ते आधी विरते. दोन्ही टोके धड असतात. विरलेला भाग कापून काढा. उरलेले दोन तुकडे जोडून शिवा. यालाच दंड घालणे म्हणतात. आपल्या आज्या दंड घातलेले लुगडे नेसून वर्ष वर्ष काढत. त्यात लाज कसली? धोतरालाही असेच करता येते. सदऱ्याची कॉलर झिजली तर ती उसवून उलटी करून शिवा. सदरा पुन्हा धड होतो.

दंड घालूनही भागेना, तेव्हा ते जुनेर झाले असे समजा.

त्याचा पहिला मान घरातल्या तान्ह्या लेकराचा. कोवळ्या कातडीला नवे कापड टोचते. म्हणून बाळाचे झबले, दुपटे, लंगोट जुन्या सुती लुगड्याचे करतात. चाल जुनी आहे आणि चांगली आहे. एवढेच पाहा, की ते कापड साबणाने धुतलेले, उकळत्या पाण्यातून काढलेले आणि उन्हात वाळवलेले असावे.

दुसरे काम पाण्याचे. पाणी गाळायचे फडके आपल्या घरोघरी असते. पण एकपदरी फडक्याने फक्त कचरा अडतो. उघड्या पाण्यात डोळ्यांना नीट न दिसणारे पाणकिडे असतात. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे जंतू त्यांना चिकटून राहतात. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात शास्त्रज्ञांनी खेड्यांतल्या बायांना एक रीत शिकवली. जुन्या सुती साडीच्या घड्या घालायच्या, तिचे ४ ते ८ पदर करायचे आणि त्यांतून पाणी गाळायचे. २००३ साली त्याचा निकाल छापून आला. ज्या गावांनी ही रीत पाळली, तिथे पटकी जवळजवळ निम्म्याने कमी झाली होती. आणि नव्या साडीपेक्षा जुनी साडी जास्त उपयोगी पडली. कारण तेच, सुताची लव. लव सुटली की कापडाची भोके बारीक होतात.

नारूची गोष्टही अशीच. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा आणि माणूस महिना महिना खाटेवर पडायचा. हा नारूही पाणकिड्यांच्या पोटातून आपल्या पोटात येई. लोक पाणी गाळून पिऊ लागले, विहिरींत औषध पडू लागले, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या. २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

मात्र गाळले म्हणजे सगळे झाले असे नाही. बारीक जंतू कापडातून निसटतात. गाळलेले पाणी उकळा, नाही तर त्यात औषध टाका. फडके रोज धुवा आणि उन्हात टाका. आपल्या खारपाण पट्ट्यातल्या विहिरीचा खारेपणा काही फडक्याने जात नाही. त्याला दुसरेच उपाय लागतात.

आता गोधडी. कुणी वाकळ म्हणतात. आपल्या बोलीत 'वाकय'. उन्हाळ्यात शेताची कामे नसतात, तेव्हा ती शिवायला घ्यावी. वरखाली धड लुगडे आणि आत जुनेराचे पदर. सपाट जागी अंथरा. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा, म्हणजे पदर सरकत नाहीत. काठापासून धावदोरा घालत आत आत या. टाके जवळ जवळ घाला. खूप पदर घालून जाड गोधडी करण्याची हौस अनेकींना असते. मला ती पटत नाही. जाड गोधडी धुवायला जड जाते, मग ती वर्षभर धुतली जात नाही. पातळ दोन बऱ्या.

घरात कुणाला खरूज झाली तर सगळ्यांचे कपडे आणि गोधड्या कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. धुता येत नसेल तर पिशवीत घट्ट बांधून ७ दिवस बाजूला ठेवा.

गाडगेबाबा आपल्याच भागातले. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मले. १९५६ साली अमरावतीजवळ वारले. अंगावर ठिगळांचे, चिंध्यांचे कपडे. म्हणून लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणत. पण हातात खराटा असे आणि ज्या गावात जात ते गाव झाडून काढत. फाटके असणे वेगळे, मळके असणे वेगळे.

बायांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. पाळीच्या दिवसांत पुष्कळ जणी जुने कापड घेतात. कापड सुतीच घ्या. दर ४ ते ६ तासांनी बदला. आधी थंड पाण्यात आणि मग साबणाने धुवा. लाजेपायी ते अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालू नका. ओलसर कापडाने खाज सुटते, आजार जडतो. ते उघड्या उन्हातच वाळवा.

वर सांगितले ते सारे सुती कापडाचे. आज घरात पॉलिस्टरच्या साड्या जास्त. कापड कोणते ते कसे ओळखावे? एक धागा चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. असे कापड चुलीपाशी हात धरायला वापरू नका. पेटले तर वितळून कातडीला चिकटते. लेकराला, पाण्याला, पाळीलाही ते नको. त्याच्या पिशव्या शिवा, दोर वळा. रोही आणि रानडुकरे येऊ नयेत म्हणून आपल्याकडे शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. पीक निघाले की त्या सोडून आणा. हे कापड मातीत कुजत नाही आणि ढोराच्या पोटात गेले तर ढोर दगावते.

उरल्या चिंध्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गावात येते. ते कपडे पुढे निवडले जातात. काही बाजारात पुन्हा विकले जातात, काहींची यंत्रे पुसायची फडकी होतात. लोकरीचे कपडे हरियाणात पानिपतला जातात. तिथे ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि घोंगड्या विणतात. सुती चिंध्यांचा कागदही होतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हे काम फार जुने. चिंध्या भिजवून, कुटून लगदा करतात. तो चाळणीवर पसरून वाळवला की कागद तयार.

कपडे देण्याआधी गुंड्या आणि हुक काढून डबीत ठेवा. पुढच्या सदऱ्याला लागतील.