तातडीच्या औषधांची गाडी आणि आपल्या घरातली फळी



आपले बडोदे औषधांचे जुने शहर. १९०७ साली येथे अलेंबिकचा कारखाना निघाला. परंतु औषध तयार होणे ही एक गोष्ट आणि नेमक्या क्षणी ते हाताशी असणे ही दुसरी. आज आपण या दुसऱ्या गोष्टीचा विचार करू.

सयाजीराव जनरल हॉस्पिटलसारख्या मोठ्या इस्पितळांत तातडीच्या औषधांची एक चाकांची गाडी असते. परिचारिका तिला क्रॅश कार्ट म्हणतात. वर हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, बाजूला प्राणवायूचे सिलिंडर, आणि खाली खण : एकात इंजेक्शने, एकात श्वासाच्या नळ्या व हवा भरण्याची पिशवी, एकात सुया व सलाईनचे सामान. एका इस्पितळातील सर्व गाड्यांची मांडणी एकच हवी, म्हणजे दुसऱ्या वॉर्डातून आलेल्या परिचारिकेचा हातही अंधारात चुकत नाही. खणांना किल्लीचे कुलूप नसते. झटक्यात तुटणारे, क्रमांकाचे सील असते. सील शाबूत असले की सामान पूर्ण आहे असे समजावे. तुटले की लगेच सामान भरून नवे सील लावायचे व त्याचा क्रमांक वहीत लिहायचा.

याचा शेतकऱ्याशी काय संबंध? समजा, करजणकडील कपाशीत फवारणी करणारा एक भाऊ घामाने चिंब होऊन, तोंडाला लाळ सुटलेल्या अवस्थेत इस्पितळात आला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या आहेत, छाती घरघरते आहे. ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेची लक्षणे. उतारा अॅट्रोपीनचा. डॉक्टर तीन अँप्युलने सुरुवात करतात आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात : तीन, सहा, बारा, चोवीस. पंधरा मिनिटांत पंचेचाळीस अँप्युल लागू शकतात! गाडीत दहाच असतील तर दहाव्या मिनिटाला हात रिकामे. म्हणून शेतीच्या भागातील इस्पितळाने हा साठा जास्त ठेवला पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये.

साठवणीचे नियम साधे आहेत. ज्याची मुदत आधी संपते ते औषध पुढे ठेवावे. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, पण गोठू देऊ नये. अॅड्रेनलिन उजेडापासून दूर ठेवावे. रंग तपकिरी झाला तर टाकून द्यावे. तीव्र पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत गेले तर हृदय बंद पडते, म्हणून ते इतर अँप्युलांत मिसळू न देता वेगळे ठेवतात.

आता आपल्या घरातील फळीकडे पाहू. तेथे तापाच्या गोळ्या, गुरांचे औषध आणि कीटकनाशक शेजारी शेजारी तर नाहीत ना? २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस पोटात गेले आणि २३ मुले दगावली. म्हणून आपण एवढे करू या :

१. कीटकनाशक घराबाहेर, कुलपात ठेवावे. सरबताच्या वा तेलाच्या बाटलीत कधीही ओतू नये, आणि रिकामा डबा घरात वापरू नये.

२. डब्यावरील त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा.

३. माणसांची औषधे मूळ वेष्टनात, मुलांच्या हाती न लागतील अशी, चुलीपासून व उन्हापासून दूर ठेवावी. महिन्यातून एकदा मुदत तपासावी.

४. विषबाधा झाल्यास १०८ ला फोन करावा. कपडे काढून अंग साबणाने धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. उलटी करवू नये. डब्याचे लेबल बरोबर न्यावे. प्रत्येक विषाचा उतारा वेगळा, आणि पॅराक्वाटला तर उताराच नाही.

लेबल हरवले तर डॉक्टरांची मौल्यवान मिनिटे विष ओळखण्यात जातात. इस्पितळातील परिचारिका रोज आपली गाडी तपासते. आपणही या रविवारी आपली फळी तपासू या. अर्ध्या तासाचे काम आहे, पण त्यावर घरातील कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.